सिगवार्तला पाडायचं वॅक्स

७ डिसेंबर

काल स्की क्लबची वार्षिक सभा झाली. माझं वॅक्सप्रमुखपद, म्हणजे सगळ्यांच्या स्कींच्या तळाला पकडीचं मेण लावायचा मान, गेलं. जागेवर सिगवार्त. तोच तो आरागिरणीवाला, मोठ्याने हसणारा. ठराव एकमताने पास झाला म्हणे. एकमताने कसा, तर मी हरकत घ्यायला हात वर केला आणि अध्यक्ष एम्ब्रेतने तो मतात मोजला. बोर्गहिलचाही हात वर होता. माझी स्वतःची बायको! घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाली खांदा आखडला होता म्हणून ताणत होते. वर म्हणाली, तुझं मात्र हात दाखवून अवलक्षण झालं, टोर्लाइव.

आजपासून रोजनिशी. सूड पुरा होईपर्यंत रोज लिहिणार. एक दिवसही चुकवणार नाही.

१९ डिसेंबर

मधले दिवस डेअरीत काम फार होतं.

वाईट गोष्टी लिहून ठेवाव्यात, म्हणजे राग ताजा राहतो. तेव्हा मागच्या मार्चचं. जिल्ह्याच्या निवडीची शर्यत. सुनीव्हा, माझी मुलगी, सगळ्यांच्या पुढे. पाद्र्याच्या चढावर आली आणि स्की मागे घसरायला लागल्या. चढावर पाय रोवावा आणि स्कीने बर्फ न पकडता मागेच निघावं, याला आमच्या दरीत ‘बाकग्लात’ म्हणतात. स्कीबद्दल याहून वाईट शब्द नाही. तिच्या स्कींना वॅक्स मी लावलं होतं. पोरगी स्की फेंगड्या करून, हातांनी काठ्या टेकत, रडत चढली. एकविसावी आली. तेव्हापासून गाव माझ्या पाठीमागे मला बाकग्लात-टोर्लाइव म्हणतं. पाठीमागे, पण मला ऐकू येईल इतकं.

चूक माझी नव्हती. वॅक्स बरोबर होतं. बर्फ चुकीचा पडला.

यंदा सुनीव्हाचं ज्युनिअरमधलं शेवटचं वर्ष. ९ मार्चच्या निवडीत पहिली आली तर जिल्ह्याच्या टीममधून राष्ट्रीय शर्यतीला, नाहीतर संपलं. ती माझ्या वॅक्सवर जिंकणार, आणि त्याच दिवशी सिगवार्तची सगळी टीम त्याच चढावर मागे घसरणार. दोन्ही एकदम. मगच मी जेवेन.

२० डिसेंबर

जेवलो. उपाशीपोटी डोकं चालत नाही.

शपथा मात्र पक्क्या. सिगवार्तशी बोलणार नाही. त्याच्या गिरणीतलं लाकूड घेणार नाही. शर्यतीच्या दिवशी त्याची बायको वॅफल करते, ते खाणार नाही.

२८ डिसेंबर

लाकूड संपलं. बोर्गहिलने सिगवार्तला निरोप दिला, तो ट्रॅक्टर घेऊन हजर. मी नुसतं उतरवून घेतलं. थँक्यू म्हणालो, पण ते बोलण्यात मोडत नाही.

४ जानेवारी

कामाला सुरुवात. वॅक्सचं नाव माझ्या आडनावावरून ठरलं: ‘ब्रेक्के स्पेशल’. ऑस्लोहून राळ मागवली आहे, पॅराफिन डेअरीचं. मी आयुष्यभर चीजच्या गोळ्यांवर मेण चढवतोय, मेणातलं मला कुणी शिकवू नये. तीन रंग करणार. निळं कोरड्या थंडीचं, जांभळं शून्याच्या आसपासचं, तांबडं ओल्या बर्फाचं. सिगवार्त हे असलं काही पाळत नाही. बर्फाची मूठ वळतो, फुंकर मारतो, गाणं म्हणतो आणि हाताला येईल तो डबा उचलतो. ही काय पद्धत झाली?

माझी पद्धत शास्त्रीय आहे. थर्मामीटर स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीला, चुलीच्या बरोबर मागे लावला आहे. खिडकीतूनच दिसतो, थंडीत बाहेर जावं लागत नाही.

११ जानेवारी

ब्रेक्के स्पेशलची पहिली टेस्ट, डेअरीमागच्या उतारावर. पकड जबरदस्त. इतकी की स्की पुढेही जाईना. पायाला धोंडा बांधल्यासारखा मी एका जागी उभा. डेअरीतले सगळे खिडकीत आले. कौतुकाने पाहत असावेत.

१४ जानेवारी

राळ कमी केली. आता स्की पुढे जाते. मागेही जाते. प्रगती आहे.

१९ जानेवारी

गावची छोटी शर्यत. सुनीव्हाच्या स्कींना ब्रेक्के स्पेशल जांभळं मी स्वतः लावलं, बुचाने घासून आरशासारखं केलं. पोरगी गुणी आहे. स्की घेतल्या आणि खरवडणी खिशात टाकून लवकर निघाली. खरवडणी कशाला, तर म्हणाली मैत्रिणींना लागते. आईवर गेली आहे, दुसऱ्यांसाठी जीव टाकते.

तिसरी आली! माझ्या वॅक्सवर! सिगवार्त लगेच तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, आज चिकटलं ना मस्त? श्रेय चोरण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. सुनीव्हाने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन बुटाची लेस बांधायला वाकली. लाजाळू आहे.

२६ जानेवारी

एम्ब्रेतच्या दुकानात कॉफी घ्यायला गेलो. दोघेजण बोलता बोलता गप्प झाले. म्हणजे विषय मीच होतो. एक म्हणाला, रस्त्यावर फार घसरतंय हल्ली, जपून जा. यातला टोमणा मला कळला. कॉफी न घेताच परत आलो. बोर्गहिलने मला पुन्हा पाठवलं.

२ फेब्रुवारी

प्लॅन सुचला. आंघोळीत.

सिगवार्त हा चोर आहे, हे गृहीत धरू. माझं गुप्त वॅक्स त्याच्या हाती लागलं, तर तो ते सगळ्या टीमला लावणारच. मग एक खोटं वॅक्स बनवायचं. दिसायला झकास, डबा झकास, आत कचरा. चढावर त्याची सगळी टीम बाकग्लात. गाव बघणार. मग एम्ब्रेत माझ्या दारात टोपी हातात घेऊन. मी लगेच हो म्हणणार नाही.

सुनीव्हाला धोका नाही. तिच्या स्की घरीच, माझ्या हाताखाली तयार होतात.

८ फेब्रुवारी

काट्याने काटा काढावा. आजवर सिगवार्तकडून घरात जे जे आलं, ते ते पातेल्यात. त्याने आमच्या लग्नात दिलेली अकॉर्डियनची जुनी जाड रेकॉर्ड, तुकडे करून. माझी सायकल उसनी नेऊन त्याने पंक्चर करून आणली होती, तिची ट्यूब. शरद ऋतूत त्याच्याकडून आलेली मेंढीची चरबी. एवढ्याने मन भरेना. मग डेअरीच्या फरशीवर सांडलेलं चीजचं मेण, फरशीचं पॉलिश, मेणबत्त्यांची थोटकं. हाताला येईल ते टाकत गेलो. प्रत्येक वस्तू टाकताना त्याचं नाव घेतलं. किती दिवसांनी इतका प्रसन्न होतो!

बोर्गहिल वास सहन होत नाही म्हणून बहिणीकडे गेली. जाताना दार उघडं टाकलं आणि म्हणाली, तू काय शिजवतोयस मला सांगू नकोस, पण पातेलं नवीन आणशील.

९ फेब्रुवारी

थंड झाल्यावर काळंशार, चकचकीत. डब्यावर लिहिलं: ‘टो. ब्रेक्के. गुप्त. हात लावू नये.’ क्लबच्या वॅक्सखोपीत, सिगवार्तच्या फळीवर विसरल्यासारखा ठेवून आलो. आता चोर सापळ्यात आलाच.

११ फेब्रुवारी

सिगवार्तने डबा घरी आणून दिला. टोर्लाइव विसरला वाटतं, म्हणाला. बोर्गहिलने त्याला कॉफी दिली. वर ब्राऊन चीज घातलेला ब्रेड. दोन.

१५ फेब्रुवारी

डबा त्याच्या गिरणीबाहेर, ओंडक्यांवर ठेवला. बघणारं कुणी नाही, घेतलास तर तुझा, अशी सोय करून दिली. एखाद्याने चोरी करावी म्हणून दुसऱ्याने याहून जास्त काय करायचं?

१६ फेब्रुवारी

डबा परत आला. झाकण नीट बसत नव्हतं म्हणे, त्याने नवीन बसवून आणलं.

असल्या माणसाशी लढायचं कसं?

२३ फेब्रुवारी

लढाईत कपट चालतं. आज स्वतः सिगवार्तकडे गेलो. म्हणालो, झालं गेलं विसरू, माझ्या आयुष्यभराची मेहनत या डब्यात आहे, क्लबसाठी घे. म्हणताना टोपी काढून छातीशी धरली, इतकं चांगलं जमलं. सिगवार्त रडला. एवढा दांडगा पुरुष, दोन्ही हातांनी तोंड पुसत होता. मिठी मारली, पाठीत धपके घातले. माझ्या कोटाला भुसा लागला. मग डबा उघडून वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वास घेतला. भारावला होता.

त्याच्या बायकोने वॅफल दिलं. शपथ शर्यतीच्या दिवसापुरती आहे, म्हणून खाल्लं.

३ मार्च

वाट बघणं अवघड आहे. गिरणीवरून गेलो की सिगवार्त हात करतो, टोर्लाइव दोस्ता, अशी हाक मारतो. गावासमोर. मीही हात करतो. आतून गुदगुल्या होतात. कर बेट्या, आणखी थोडे दिवस.

९ मार्च, सकाळ

आला दिवस. रात्रीपासून नवीन बर्फ पडतोय. थर्मामीटर शून्याच्या वर दोन. म्हणजे तांबडं. बोर्गहिल म्हणाली अंगणातली बादली गोठली आहे. मी म्हणालो, बादली हे यंत्र नाही. सुनीव्हाच्या स्कींना तांबडं लावलं, जाड थर. तिने स्की हातात घेतल्या, त्यांचे तळ पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, थँक्यू बाबा. खरवडणी खिशात टाकली आणि लवकर निघाली.

मी पाद्र्याच्या चढावर उभा राहणार आहे. सूड जवळून बघायचा असतो.

९ मार्च, संध्याकाळ

क्रमाने लिहितो.

चढावर सगळा गाव. पलीकडच्या दरीतल्या क्लबच्या मुली आल्या आणि मागे घसरायला लागल्या. एक, दोन, सगळ्या. या बर्फावर कुणाचंच काही चालत नव्हतं. मग आमच्या क्लबची पहिली पोरगी आली. मी जागेवरून पुढे सरकलो. ती घसरली नाही. जिना चढावा तशी चढून गेली. दुसरीही. तिसरी तर चढावर दुसऱ्या क्लबच्या दोघींना मागे टाकून गेली. लोक ओरडत होते. मला काही कळेना. मला वाटलं, सिगवार्तने माझा डबा वापरलाच नाही. इतक्या कष्टाने दिलेली भेट फेकून दिली! माणसाला उपकाराची जाणीव नसते.

मग सुनीव्हा आली. काय चालली होती ती! पाय टाकला की बर्फ धरून बसत होता, सोडला की स्की पुढे. मी ओरडलो, माझं वॅक्स! माझं वॅक्स! तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. चेहरा ओला होता. घामाने असेल.

पहिली आली. दुसरीच्या किती पुढे, ते लोक अजून भांडून ठरवतायत.

शेवटच्या रेषेशी मी धावतच गेलो. सिगवार्तने मला उचलूनच घेतलं. म्हणाला, टोर्लाइव, तुझा डबा, सगळ्या टीमला तुझाच डबा. मागून भोंग्यातून एम्ब्रेतचा आवाज: आजचं यश टोर्लाइव ब्रेक्केच्या नव्या वॅक्सचं, टाळ्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खऱ्या. दुकानातल्या त्या दोघांनीसुद्धा. कुणीतरी हातात गरम बेदाणासरबत दिलं, कुणीतरी वॅफल. मी खाल्लं. कोणाच्या हातचं ते पाहिलं नाही.

मला ओरडून सांगायचं होतं, अहो, ते वॅक्स नाही, तो कचरा आहे, त्याला पाडायला केलेला. सांगणार कुणाला? आणि तरीही मनात एक गोष्ट धरून होतो: सुनीव्हा मात्र माझ्या तांबड्यावर जिंकली.

परतताना गाडीत ती माझ्या शेजारी बसली होती. बोर्गहिल मागे. चर्चच्या वळणावर सुनीव्हा म्हणाली, “बाबा, रागावणार नाहीस ना?”

मी म्हणालो, आज कसला राग.

“ख्रिसमसपासून मी तुझं वॅक्स खरवडून टाकायचे. खोपीच्या मागे. मग सिगवार्त लावून द्यायचा. तुला कळू द्यायचं नव्हतं.”

मी गाडी चालवत राहिलो. चालवायला काही विशेष लागत नाही, रस्ता सरळ आहे.

“आजही खरवडलं. मग सिगवार्त एक डबा घेऊन आला आणि म्हणाला, हे तुझ्या बापाचं आहे. मी सुरुवातीच्या रेषेवर रडत होते, बाबा. सगळा हिवाळा मी तुला फसवलं, आणि तू गुपचूप हे बनवत होतास.”

जो डबा मी सिगवार्तला पाडायला बनवला, तो माझ्या पोरीच्या पायाखाली होता. बर्फ जरा वेगळा पडला असता, तर तिचं शेवटचं वर्ष मी स्वतःच्या हाताने संपवलं असतं. गाडी थांबवून उतरावंसं वाटलं. बोर्गहिलने मागची काच खाली केली. तिला ते पातेलं आठवत असणार.

घरासमोर उतरताना सुनीव्हा म्हणाली, राष्ट्रीय शर्यतीला मला हेच हवं, बाबा. तुझंच. दुसरं नको.

१० मार्च

सोपं आहे. पुन्हा बनवायचं. एकदा जमलं ते दुसऱ्यांदा जमणारच.

१२ मार्च

ट्यूब आहे, म्हणजे दुसरी. चरबी मिळाली. मेणबत्त्यांची थोटकं किती होती? पॉलिश आधी की नंतर? फरशीवरचं मेण कोणत्या चीजचं? रागाच्या भरात टाकत गेलो. आता राग आणायचा प्रयत्न केला, पण सिगवार्तचं नाव घेतलं की तो रडताना दिसतो आणि सगळा जोर जातो.

पहिली खेप पिवळी झाली. दुसरी विस्तवाने पेटली. तिसरी लावून डेअरीमागे गेलो. मागे घसरलो, खालपर्यंत, कुंपणाला थांबलो.

१३ मार्च

बोर्गहिलने थर्मामीटर काढून अंगणातल्या खांबाला लावला. शून्याखाली चार दाखवतो. बिघडला असेल. पण विचारलं नाही.

सुनीव्हाने जेवताना विचारलं, झालं का बाबा? मी म्हणालो, शास्त्र आहे, वेळ लागतो.

१५ मार्च

सकाळी सिगवार्तच्या गिरणीत गेलो. ठरवून गेलो होतो की सल्ला द्यायला आलोय असं दाखवायचं. तो एकटाच होता. आरा बंद केला. मी म्हणालो, त्या डब्यात काही उरलं असेल तर बघू दे, गुणवत्ता तपासायची आहे. त्याने डबा काढून दिला. तळाशी नखाएवढं.

मग म्हणाला, “टोर्लाइव, हे तू मला पाडायला केलं होतंस ना?”

मी म्हणालो, काहीतरीच काय.

“अरे, लग्नात मी दिलेली रेकॉर्ड आहे यात. माझ्या आजोबांच्या वॅक्समध्ये अश्शीच जुनी रेकॉर्ड आणि ट्यूब असायची, लहानपणापासून तो वास नाकात बसलाय. आणि वर फरशीचं पॉलिश. क्लबच्या भल्यासाठी कोण पॉलिश टाकतं?”

मी डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं,

“मग लावलंस कशाला?”

“पहाटे चढावर जाऊन आधी माझ्या स्कींना लावून बघितलं. धरत होतं. दुसरं काहीच धरत नव्हतं.”

मी विचारलं, मग सुनीव्हाला कशाला सांगितलंस माझं आहे म्हणून. स्वतःचं म्हणाला असतास, कुणाला कळलं असतं?

सिगवार्तने डोक्यावरची टोपी काढून भुसा झटकला. म्हणाला, “बापाचं वॅक्स खरवडताना रोज डोळे पुसत बसायची ती. मला बघवत नव्हतं.”

आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

मी त्याला सांगितलं की माझ्याच्याने पुन्हा होत नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला म्हणालो. तो बरं म्हणाला. त्याच्या माळ्यावर आजोबांच्या रेकॉर्ड आहेत.

१६ मार्च

आज दिवसभर त्याच्या शेडमध्ये. काय किती घालायचं ते तो ठरवतो, गाणं म्हणत. डब्यावर नाव माझं लिहिणार आहे, तसं सुनीव्हाला कबूल केलंय त्याने.

मला त्याने ढवळायला दिलं.